शून्य भीतीचा रुग्ण

मांडवीचे श्रीपती हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात दाखल झाले आणि त्यांना भीती वाटत नाही, ही गंभीर बाब पहिल्याच दिवशी उघडकीस आली.

रुग्णालयात नुकताच 'भयनिवारण व आरोग्यशिक्षण कक्ष' सुरू झाला होता. शिक्षणाआधी भीती मोजायची, शिक्षणानंतर पुन्हा मोजायची, आणि घट दिसल्याशिवाय रुग्णाला शस्त्रक्रियेसाठी आत घ्यायचं नाही, असा वरून आदेश होता.

"काका, शून्य ते दहा. किती भीती वाटते?" समुपदेशक नीरजाने विचारलं.

"शून्य गो बाय. जन्म बोटीवर गेला माझा. ही गाठ काढा एकदा, म्हणजे नातीला उचलून घेता येईल."

"शून्यात घट कशी दाखवू?" नीरजा रडकुंडीला आली. "थोडं तरी भ्या ना, काका."

श्रीपती माणूस भिडस्त. पोरीच्या नोकरीखातर त्यांनी भिऊन पाहिलं, पण जमेना. कक्षाने गुंतागुंतींची चित्रफीत दाखवली, तर त्यांना डुलकी लागली. भुलीच्या डॉक्टरांनी जातीने येऊन धोके सांगितले. श्रीपतींनी उलट त्यांनाच धीर दिला. 'रुग्ण सहकार्य करत नाही' असा शेरा पडला.

संध्याकाळी शेजारच्या यमुनाबाई पेजेचा डबा घेऊन भेटायला आल्या. खाटेच्या कडेला टेकल्या.

"हर्निया ना? साधं असतं हो. हेदवीच्या माझ्या मावसभावाचंही साधंच होतं. स्वतःच्या पायांनी आत गेला." आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"मग?"

"जाऊ दे. तुम्ही नका मनाला लावून घेऊ."

श्रीपतींची भीती थेट दहावर गेली. नीरजा हरखली, आता शिक्षण देता येणार होतं. तिने तक्ते लावले, जीव तोडून समजावलं. श्रीपती शेवटी एवढंच विचारत, "ते खरं गो, पण तो मावसभाव बाहेर आला काय?" कुठल्याच तक्त्यात ते नव्हतं. भीती दहावरून खाली येईना, म्हणून शस्त्रक्रिया तहकूब झाली. श्रीपती गाठीसकट घरी गेले. नात जवळ आली की ते दुसरीकडे बघत, आणि बिचाऱ्यांना फार वाईट वाटे.

कक्षाला मात्र मार्ग सापडला. रुग्णांत पुरेशी भीती निर्माण करण्यासाठी मानद स्वयंसेवक नेमायचं ठरलं. प्रशिक्षणाची गरज नव्हती, अर्जही मागवले नाहीत. मागे तुम्ही कुणा आजाऱ्याला बघायला गेलात आणि "आमच्यातही एकाचं अस्संच झालेलं" म्हणालात ना, त्याच दिवसापासून तुम्हाला रुजू धरलंय.