वरच्या थरातले दोन

मयुराने चौथ्यांदा बटण दाबलं आणि चौथ्यांदा पडद्यावर एक्केचाळीस लाल ओळी उमटल्या. बेचाळीस तक्त्यांपैकी हिरवा काय तो एकच.

डहाणूच्या त्या छोट्याशा ऑफिसात विदर्भातल्या एका खाणीच्या कोळशाची कुंडली मांडली जायची. कोळशाचा नमुना कमी-जास्त जड द्रवांत टाकून कुठे किती टक्के तरंगला, हे प्रयोगशाळा कागदावर लिहून पाठवी. कुठल्या नमुन्याला पाच द्रव, कुठल्याला नऊ. ते सगळे तक्ते एका मापात बसवायचं काम सॉफ्टवेअरचं, म्हणजे धुतल्यावर चांगला कोळसा किती निघेल ते खाणवाल्यांना कळे. सॉफ्टवेअरची अट एवढीच, की प्रत्येक तक्त्याची बेरीज शंभर हवी. आणि इथे एक्केचाळीस तक्ते एकशे दोन भरत होते.

"तू टाईप केलेलं नीट तपासलंस ना?" सुनील सरांनी विचारलं.

"दोनदा, सर," मयुरा म्हणाली आणि मनातल्या मनात चरकली. कारण तिने ते टाईपच केलं नव्हतं.

टाईप करायला तिने कागद घोलवडला घरी नेले आणि रविवारी विळीवर तिचं बोट कापलं. कागद दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचे नाहीत, अशी सरांची सक्त ताकीद. पण सासरे धोंडूअण्णा घरचेच, बोर्डीच्या क्लासात नुकतेच कम्प्युटर शिकलेले. तीस वर्षं घोलवडला चिकूच्या पेट्या भरल्या. आता रिकामे हात नुसते शिवशिवत होते. त्यांनी दुपारभरात बेचाळीस तक्ते भरून दिले. कागद घोलवडलाच राहिले.

२०१७ सालच्या त्या सोमवारी मयुराचे उमेदवारीचे तीन महिने संपत होते. चारच्या आत तक्ते गेले तर नोकरी कायम. नाहीतर उद्यापासून पुन्हा वखारीत बसून चिकू निवडणं आणि बोटांचा चीक खरवडणं. ते तिला अजिबात नको होतं.

"म्हणजे घोळ लॅबचा!" सर गरजले आणि त्यांनी फोन लावलासुद्धा. "साहेब, तुमचे एक्केचाळीस तक्ते चुकलेत. एकच बरोबर आहे. निदान त्याच्याकडे बघून तरी बाकीचे करायचे!"

पलीकडचे साहेब असे काही भडकले, की फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागला. "आमची एक चूक दाखवा, मी लेखी माफी मागतो. नाही सापडली तर चारच्या आत तुमचं माफीपत्र हवं!"

सरांनी फोन ठेवला आणि मयुराकडे पाहिलं. "माफीपत्र तू लिहायचंस. खाली राजीनामाही लिही, एकाच कागदात होईल."

मयुराच्या तोंडचं पाणी पळालं. पाणी प्यायच्या निमित्ताने ती जिन्यात आली आणि तिने घरी फोन लावला.

"अण्णा, तुम्ही आकड्यांत काही बदल केलात?"

"बदल कसला? घट धरली."

"घट?"

"अगो, माल एवढ्या लांबून येणार, वर तुम्ही तो धुणार. पोचेपर्यंत वजन घटणार नाय काय? चिकूच्या पेटीत आम्ही वर टाकतोच ना चार फळं? तसे शंभरावर दोन टाकले."

"कुठे टाकलेत?"

"वरच्या थरात. चांगला माल वरच असतो ना? पयल्या ओळीत, दोन-दोन. बेचाळीसच्या बेचाळीस पेट्यांत. कामात कसूर नाय!"

कामात खरंच कसूर नव्हती. मयुरा धावत जागेवर आली आणि तिने प्रत्येक तक्त्याच्या पहिल्या ओळीतून दोन वजा केले. पावणेचारला बटण दाबलं. एक्केचाळीस ओळी हिरव्या झाल्या आणि सकाळपासून एकटा हिरवा असलेला सतरावा तक्ता लाल झाला. बेरीज अठ्ठ्याण्णव!

"आता हे काय?" सर मागेच उभे होते. "कागद कुठाय?"

नाइलाजाने मयुराने घरी फोन लावून स्पीकर सुरू केला. "अण्णा, सतरावा कागद वाचा. आहे तसा. काही धरू नका."

अण्णा खणखणीत आवाजात वाचत गेले, सर लिहीत गेले. "आणि खाली एकूण शंभर," अण्णा म्हणाले. सरांनी बेरीज केली, पुन्हा केली. अठ्ठ्याण्णवच! लॅबने बेरीज न करताच खाली शंभर ठोकले होते.

सरांचा चेहरा फुलला. "सापडली! आता बघतोच त्यांना!"

"मयुरा," फोनमधून आवाज आला, "माझे दोन काढलेस काय गो?"

"यांचे दोन म्हणजे?" सरांनी विचारलं. मयुराने मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. सर पंख्याकडे बघत राहिले. खरं बाहेर सांगावं, तर मघाच्या फोनमुळे शोभा त्यांचीच होणार होती.

चारला पाच कमी असताना एक्केचाळीस तक्ते खाणीकडे गेले आणि सतरावा लॅबकडे. साडेचारला लॅबची लेखी माफी आली. पाचला मयुराच्या हातात कायम नोकरीचं पत्र पडलं. त्यात सरांनी पेनाने एक ओळ वाढवली होती, 'घरच्यांनी फक्त वाचून दाखवावे.'

ती घरी पोचली तेव्हा अण्णा ओटीवर वाटच बघत होते. तिने त्यांच्या हातात पत्र दिलं आणि सतराव्या तक्त्याची हकीकत सांगितली. तिला वाटलं, आता तरी अण्णा ओशाळतील.

अण्णांनी पत्र बाजूला ठेवलं आणि मांडीवर थाप मारली.

"दोनच कमी भरला ना? बरोब्बर दोन? मग! मी काय उगाच घट धरली होती?"