महिन्याला एक डबा

दिवाळी चार दिवसांवर आली आणि उर्मिलाच्या मांडणीत स्टीलचे डबे उरले होते सहा. फराळ पोचवायचा होता अठरा घरी, आणि कागदी खोक्यातून चकल्या पाठवायच्या म्हणजे उत्तरेतल्या या हवाई दलाच्या कॉलनीत नाक कापून घेणं. चूक नवऱ्याची होती, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं.

विंग कमांडर नंदकुमार यांचं कामच मुळी हे: जुनी विमानं किती बाद होणार आणि त्या मानानं कारखान्यातून दरवर्षी नवी किती यायला हवीत, ते ठरवायचं. जानेवारीत उर्मिला डझनभर डबे घ्यायला निघाली तेव्हा त्यांनी तिला तेच गणित ऐकवलं. वर्षाला बारा डबे शेजारी जातात ते परत येत नाहीत, म्हणजे महिन्याला एक नवा घेतला की झालं. पण डबे काही असे शिस्तीत जात नाहीत. गणपतीत मोदक घेऊन बाराच्या बारा एकदम गेले.

"तुमच्या विमानांचंही असंच होतं का हो?" उर्मिलानं विचारलं.

नंदकुमार तडक सेक्टर बावीसच्या भांडेवाल्याकडे निघाले. तिथे धनतेरसची झुंबड उडालेली. "साबजी, ऑर्डर दो महीने पहले देनी थी," दुकानदार म्हणाला. "अब माल दिवाली के बाद." पुन्हा अशी नामुष्की नको, म्हणून त्यांनी बायकोचं नाव घालून दोन डझन डबे पक्के केले आणि हात हलवत घरी आले.

घरी ओट्यावर बारा डबे फराळानं भरून तयार. झाकणांवर नावं मात्र सोधी, ग्रेवाल, शर्मा अशी.

"माळ्यावर होते," उर्मिला ओशाळून म्हणाली. "कुणाच्या मठऱ्या आल्या होत्या, कुणाच्या पिन्न्या, ते कणकेचे लाडू. रिकामा डबा परत कसा करायचा, म्हणून राहिले."

फराळ गेला, अब्रू वाचली. पाडव्याला सोधी मॅडम उर्मिलाचाच डबा बर्फीनं भरून घेऊन आल्या. "खाली कैसे लौटाती जी, गणपती से पड़ा था." संध्याकाळपर्यंत गणपतीतले बाराही डबे परतले.

तुळशीच्या लग्नाला दारात टेंपो थांबला. दोन डझन नवे डबे, नाव घातलेले, म्हणून परत करायची सोय नाही. नंदकुमार घामाघूम होऊन ते माळ्यावर कोंबत होते. खाली शिडी धरून उर्मिलानं परतलेले बारा धरून सगळे मोजले. छत्तीस.

"आता बदली मागाल ना," ती शांतपणे म्हणाली, "तर जिथे छत्तीस शेजारी असतील तिथली मागा."