फाम नसलेली गल्ली

शब्दकोशाच्या कचेरीत मेलेल्या शब्दांचं एक वेगळं कपाट होतं. त्याला सगळे मसणवटा म्हणत. त्यातून शब्दाची सुटका व्हायची तर बाहेरच्या माणसानं तो आपणहून, साहेबांच्या कानांदेखत बोलायला हवा, असा कचेरीचा दंडक होता.

शब्दकाका शनिवारी निवृत्त होणार होते. कचेरीतल्या प्रत्येकानं एखादा तरी शब्द जिवंत करून आणला होता. काकांची पाटी कोरी. त्यांचा जीव जडला होता 'फाम'वर. फाम म्हणजे समज, भान. वारे, घोडे, पोरं सगळी खुशाल बेफाम उधळत होती आणि ही बिचारी कपाटात धूळ खात होती. दुपारच्या पेंगेत काकांना वाटे, कपाटाच्या फटीतून कुणीतरी हळूच बाहेरचं ऊन चाचपून बघतंय.

आधी त्यांनी घरी प्रयोग केला.

"तुझ्या बोलण्यात केवढी फाम आहे गं."

"टोमणे मारायचे तर समजतील असे मारा," बायको म्हणाली.

मग काका कचेरीखालच्या न्हाव्याकडे गेले. साहेबही तिथंच दाढी करवून घेत.

"दादा, तुमच्या हाताला काय फाम आहे हो."

वस्तरा हवेतच थांबला. "कधीपासून?"

"मला तर केव्हाची दिसतेय," म्हणत काकांनी सुखानं डोळे मिटले. उघडले तेव्हा अर्धी दाढी तशीच टाकून न्हावी डॉक्टरकडे पोचला होता.

डॉक्टरांनी हात उलटसुलट पाहिला. माहीत नाही म्हणणं त्यांच्या बाहेरच्या पाटीला शोभलं नसतं. "सुरुवातच आहे. मलम चोळा, उतरेल."

खोटं वाटेल, पण तिन्हीसांजेपर्यंत मलमाच्या त्या हाताची बातमी गल्लीभर झाली. शिंपी गिऱ्हाइकाचं माप लांबूनच घेऊ लागला. जिन्यात दोन विहिणी भेटल्या.

"तुमच्याकडे कुणाला फाम नाही ना?"

"छे हो. आमच्या सात पिढ्यांत नव्हती."

"आणि जावईबापूंना?"

"त्याला तर मुळीच नाही. तुमच्या लेकीलाच विचारा."

काका दारोदार सांगत फिरले, "अहो, फाम चांगली असते." लोक दोन हात मागे सरकत आणि कुजबुजत, "यांच्या डोक्यात गेलीय."

शुक्रवारी न्हाव्यानं पाटी लावली : 'या दुकानात कुणालाही फाम नाही.' संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात ती वाचताना काकांना अख्खी गल्ली पाण्याखाली असल्यासारखी भासली. माणसं तरंगत येत होती, मायेनं एकमेकांची चौकशी करत होती, माना हलवत निघून जात होती.

तेवढ्यात साहेब येऊन खुर्चीत बसले.

"माफ करा साहेब, सगळ्यांनाच विचारतो," न्हावी म्हणाला. "तुम्हाला फाम?"

मसणवट्यातले अर्थ साहेबांनी कधी वाचले नव्हते. पण मागे रांग कान टवकारून उभी होती. "फाम? मला जन्मात कधी नव्हती."

बाकावर बसलेले काका ताडकन उठले. शब्द जिवंत झाला होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांची पाठ थोपटली. "चालतोय बुवा तुमचा शब्द. नोंद आजच छापखान्यात धाडा."

"उदाहरणाला वाक्य कुणाचं घेऊ? न्हाव्याचं?"

"न्हाव्याचं काय घेता. अधिकारी माणसाचं हवं. माझंच घ्या, नावासकट."

काकांनी अर्थ लिहिला : समज, भान. त्याखाली काना-मात्रा न बदलता साहेबांचं वाक्य उतरवलं, पुढे त्यांचं नाव आणि हुद्दा घातला, आणि कागद अदबीनं पुढे सरकवला.

साहेबांनी न वाचताच सही ठोकली.