गोदाक्काचा रडीचा डाव

सत्तरीची बाई पाच वर्षांच्या पोरांशी खेळताना राजरोस लबाडी करते, असं सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही. माझाही बसला नव्हता. पण मागच्या थंडीत माझी सई रडत घरी आली आणि म्हणाली, "बाबा, गोदाक्का चीटिंग करती!"

गोदाक्का आमची शेजारीण. जाफराबादला तिच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्यात, शेत बटईनं दिलेलं. थंडी पडली, की दिवेलागणीला ही बाई दारात उभी राहून गल्लीला आव्हान देते, "या रे, बाहेर कामून कुडकुडून राह्यले? आत या, एकेकाला हरवते!" आणि सगळी पोरं तिच्या बैठकीत.

सईची तक्रार घेऊन मी गेलो, तर आत चिंचोक्यांचा खेळ रंगलेला. ढिगातून एकेक चिंचोका उचलायचा. बाकीचे हलले की डाव गेला. समोरच्या घरातला ओम जीभ बाहेर काढून, श्वास रोखून बोट पुढं नेत होता. तेवढ्यात आक्का शिंकली. अशी शिंकली, की अर्धे चिंचोके चटईबाहेर गेले.

"हलले! ओम्या, गेला तुझा डाव."

"तू शिंकली म्हणून!"

"मंग? थंडीत माणसानं शिंकू न्हाई का?"

पुढचा खेळ 'गोधडीत कोण'. एकानं गोधडीखाली लपायचं, दुसऱ्यानं वरून फक्त पाय चाचपून नाव ओळखायचं. आक्का पाय चाचपतच नाही. ती थेट गुदगुल्या करते आणि आतल्या खिदळण्यावरून नाव सांगते. पोरं ओरडली, "असं न्हाई चालत!" तर म्हणे, "घर माझं, गोधडी माझी, नियम बी माझेच."

मग मोजाफेक. मोज्यांचा बोळा करून पातेल्यात टाकायचा. पोरांनी दारातून फेकायचा आणि आक्कानं पातेल्याला मांडी लावून. कारण काय, तर "गुडघे दुखून राह्यले ना!"

शेवटी मी म्हणालो, "आक्का, लेकरं हायेत. एखाद्या वेळी जिंकू दे की."

"बिलकुल न्हाई," आक्का म्हणाली. "हरलेलं पोरगं दुसऱ्या दिवशी बराबर येतं, बदला घ्यायला. जिंकलेल्याचा काय भरोसा?"

मी हसण्यावारी नेलं. तिनं मलाही खाली बसवलं आणि सपाटून हरवलं. परतताना सईनं माझा हात धरून समजूत घातली, "रडू नका बाबा. उद्या परत येऊ."

आम्ही परत गेलो. रोज जात राहिलो. संक्रांतीच्या सुमारास पोरांनी कट केला. सईचा डाव आला तशी ओमनं मागून जाऊन आक्काचं नाक आपल्या कानटोपीनं दाबून धरलं, आणि सईनं शेवटचा चिंचोका अलगद उचलला. काय तो जल्लोष! पोरं गोधड्या अंगावर घेऊन नाचली. आक्का भिंतीकडं तोंड करून बसली. "रडीचा डाव! मी न्हाई खेळत." तिळाचे लाडू मात्र तिनंच वाटले, सईला दोन दिले, आणि ते देताना तिचं हसू काही लपलं नाही.

थंडी सरली. संध्याकाळी उजेड रेंगाळायला लागला, तशी पोरं मैदानाकडं पळायला लागली. गल्लीतून जाताना ती आक्काला हात करायची, पण थांबत नव्हती. आक्का उंबऱ्यावर बसून म्हणायची, "जा जा, पळा जल्दी."

होळी होऊन गेली होती. उकडत होतं. आमच्या घरात पंखा गरगरत होता आणि त्याखाली सई चित्र रंगवत बसली होती. दार वाजलं. दारात आक्का उभी. अंगावर गळ्यापर्यंत लपेटलेली शाल, कपाळावर घामाचे थेंब.

"जरा गारठा सुटलाय, न्हाई?" ती म्हणाली.

बायकोनं माझ्याकडं पाहिलं, मी बायकोकडं.

सईनं रंगाचा खडू खाली ठेवला. खुर्चीवर चढून तिनं पंखा बंद केला. खिडकी लावली. मग आतून गोधडी ओढत आणली आणि आक्काचा हात धरून तिला आत घेतलं.

"ये आक्का," ती म्हणाली, "लई थंडी हाय आज."