लेथचा निळा रंग

"अहो, साखरेच्या डब्याला हे निळं काय लागलंय?"

"काही नाही गं, पुसतो!" असं ओरडून जावईबापूंनी मान पुन्हा लेथमध्ये घातली. घर त्यांचंच, पण सासरे राहायला आल्यापासून ते 'जावईबापू' म्हणून हाक मारत, आणि बायको चिडली की तीही त्यांना तेच म्हणे. मागच्या खोलीत टेबलावर मावेल एवढा त्यांचा लेथ होता. सुट्टीच्या दिवशी लोखंड कातायचं, मुठी-चकत्या बनवायच्या, हे त्यांचं एकमेव व्यसन. पण त्या लेथचा सरकता भाग मेला धड चालेल तर शपथ! बाजूच्या पट्टीचे स्क्रू ढिले ठेवले की थरथरायचा, आवळले की मध्येच रुतून बसायचा. आज त्याचा सोक्षमोक्ष लावायचाच, असा त्यांनी चंग बांधला होता.

कृती तशी सोपी. एकमेकींवर घासणाऱ्या दोन बाजूंपैकी एकीला निळा रंग पातळ चोपडायचा आणि दुसरी बाजू त्यावर सरकवायची. जिथं निळं उमटेल तिथं उंचवटा. तेवढा खरवडायचा, की पुन्हा रंग, पुन्हा सरकवणं. गोम एवढीच, की हा रंग तेलातला, वाळायचं नाव घेत नाही. एक ठिपका बोटाला लागला की माणूस जाईल तिथं तोही जातो. जावईबापू चहा करायला गेले, फोन घेतला, टॉवेलला हात पुसले. झालं!

बायकोचं डोकं आधीच फिरलेलं होतं. तिचे वडील त्यांच्या घरी न्हाणीघरात घसरून पडले, म्हणून त्यांना इथं आणलं होतं. हाड कधीच जुळलं, डॉक्टरांनी "चाला" म्हणून सांगितलं, पण म्हातारा पलंग सोडायला तयार नाही. "पायात जीवच नाही गं," हे एकच पालुपद. आज सकाळीच डॉक्टर फोनवर स्पष्ट बोलले होते, "आता उठले नाहीत, तर कायमचे बसतील." आणि त्यात हे निळं!

निळे ठिपके पडलेली घरातल्या बोळाची भिंत तिनं साबणानं घासून लख्ख केली. घाम आला म्हणून टॉवेलनं तोंड पुसलं, तेवढ्यात बेल वाजली. दारात शेजारच्या निवृत्त नर्सबाई.

"अगं बाई! ओठ निळे पडलेत तुझे! श्वास लागतोय का?"

"नाही हो, मी फक्त भिंत..." आवाज ऐकून जावईबापू बाहेर आले.

"बोलू नकोस! हृदयाचं असतं हे. अहो, बघत काय उभे राहिलात? धरा तिला!"

नर्सबाईंनी दोघांनाही ओढत आपल्या घरी नेलं, तिला सोफ्यावर आडवं केलं आणि नाडी धरली. मग त्यांना स्वतःचीच बोटं निळी दिसली. त्या धपकन खुर्चीत बसल्या. "मलाही झालं की काय?"

जावईबापूंना सगळं कबूल करावं लागलं. रॉकेलच्या बोळ्यानं तिघांचं हात-तोंड स्वच्छ झालं. घराच्या दाराशी आल्यावर बायको म्हणाली, "तो लेथ उद्याच्या उद्या घराबाहेर."

दार उघडलं, दिवा लावला आणि ती किंचाळलीच. नुकत्याच घासलेल्या भिंतीवर निळे पंजे! एकापुढे एक, बोळभर.

"जावईबापू!"

"अगं, मी तर तुझ्याबरोबर होतो!"

दोघं पंज्यांच्या मागोमाग गेले. पंजे मागच्या खोलीतून निघून सरळ बाबांच्या पलंगापर्यंत गेले होते. बाबा हनुवटीपर्यंत चादर ओढून डोळे मिटून पडले होते. चादरीची कड निळी.

"बाबा, हात दाखवा."

"मघाशी जावईबापूंनी पाणी दिलं ना, तेव्हा लागलं असेल."

"मी कुठं पाणी दिलं, बाबा?"

म्हाताऱ्यानं एक डोळा उघडला. "त्या यंत्राची मूठ फिरवून बघितली जरा. पडून पडून कंटाळा येतो हो माणसाला. तुम्ही बाहेर गेलात की मारतो एक-दोन चकरा."

"चालता येतंय तुम्हाला?" तिचा आवाज चिरकला. "इकडे माझा जीव टांगणीला लागलाय! मग सांगितलं का नाही?"

बाबा चादरीशी चाळा करत राहिले. "बरा झालो म्हटलं की घरी पोचवाल. तिथं आहे कोण माझं?"

ती पलंगाच्या कडेवर मटकन बसली. रागवावं, रडावं की हसावं, तिला कळेना. तिन्ही एकदमच आलं.

"तुम्हाला पोचवतंय कोण?" जावईबापू म्हणाले. "इथंच राहायचं. पण आता आमच्यासमोर चालून दाखवा."

बाबा उठले. एक पाऊल टाकलं, दुसऱ्याला डगमगले आणि त्यांनी भिंतीच्या कोऱ्या जागेवर हात टेकला. ठसठशीत निळा पंजा उमटला. त्यांनी घाबरून हात मागे घेतला आणि लेकीकडे पाहिलं.

"असू द्या, बाबा," डोळे पुसत ती म्हणाली. "धरा! चांगला अख्खा पंजा टेका."