भांडण मिटल्याचा दाखला

हवाई बेटांवर, हिलोजवळच्या आमच्या वाडीत लोमीलोमी, म्हणजे अंग रगडून द्यायचा जुना उपचार, करणाऱ्या एकच, हाउनानी आंटी. अंगाला तेल लावण्याआधी त्या विचारायच्या, "कुणाशी अबोला आहे?" असला तर आधी मिटवून यायचं, मगच चटईवर आडवं व्हायचं. मनात अढी असली की पाठीतली गाठ सुटत नाही, असं त्यांच्या आजीचं म्हणणं. माणसं निमूट जाऊन मिटवून यायची आणि तासाभरात लोण्यासारखी मऊ होऊन घरी जायची.

हे सगळं तोंडी चालतं हे कळल्यावर सरकारला घाम फुटला. पारंपरिक उपचार सुसूत्रीकरण कक्षाने होनोलुलूहून ताकेमोतो नावाचे अधिकारी धाडले. परंपरेबद्दल त्यांना इतका आदर, की त्यांनी तिचा छापील अर्जच केला. नमुना क्रमांक सात : भांडण मिटल्याचा दाखला. त्यावर प्रतिपक्षाची सही आणि भांडणाचं उभयमान्य कारण. दाखल्याविना हात लावल्यास आंटींचा परवाना रद्द.

नेमका तेव्हाच माझा उजवा खांदा धरला. शनिवारी होड्यांची शर्यत, आणि सुकाणू माझ्याकडे. अबोला होता मेहुण्याशी, लोपाकाशी. मी पानांत गुंडाळून वाफवलेलं मांस, आमचं लाऊलाऊ, कोरडं झालं, असं तो भर मेजवानीत म्हणाला होता. एरवी दोन बाटल्या घेऊन गेलो असतो आणि विषय संपला असता. आता अर्ज घेऊन गेलो. लोपाकाने मिठी मारली, पण कारणाचा रकाना बघून त्याचे डोळे चमकले.

"'लाऊलाऊ कोरडंच होतं' असं लिही, मग सही," तो म्हणाला. "एकदा सरकारदरबारी लागू दे."

मी मेलो तरी तसं लिहिणार नव्हतो.

कंबर धरलेल्या विल्हेल्मिना आजींची तऱ्हा निराळी. ऐंशी वर्षांत त्यांचं कुणाशी वाजलंच नव्हतं. त्यामुळे रकाना रिकामा, त्यामुळे अर्ज अपूर्ण. ताकेमोतो मनाने चांगले.

"एखादं लहानसं भांडण काढा ना, आजी," ते म्हणाले. "शेजारी कोण राहतं?"

आजींनी त्याच दुपारी शेजारणीच्या कोंबड्याला नावं ठेवली. चार दिवसांत दोन्हीकडची नातवंडंसुद्धा बोलेनाशी झाली. आजी पात्र ठरल्या, फक्त शेजारीण सही देईना.

महिन्याभरात वाडीतली प्रत्येक कंबर कुणाच्या तरी सहीवाचून अडली. भांडणांनी पाठी आखडल्या, पाठींपायी अर्ज वाढले, अर्ज वाढले म्हणून कक्षाला दुसरी इमारत मिळाली. शर्यत आमच्या होडीविना पार पडली. आंटी ओसरीवर रिकामे हात मांडीत घेऊन बसू लागल्या. मला ते बघवत नव्हतं.

शेवटी आंटींच्या तक्रारीवरून ताकेमोतोंनी सभा बोलावली. निम्म्याहून जास्त हात वर गेले, तर नमुना सात रद्द.

"पाठी तुमच्याच आहेत रे," आंटी म्हणाल्या. "करा हात वर."

वर गेला तो त्यांच्या एकटीचा. लोपाकाचा गुडघा धरला होता आणि माझ्या सहीसाठी आलेला त्याचा अर्ज महिनाभर माझ्या खणात पडून होता. आजींचा अर्ज शेजारणीने गादीखाली ठेवला होता. असा कुणाचा ना कुणाचा अर्ज प्रत्येकाच्या घरी होता, आणि रोज सकाळी कुणीतरी सहीसाठी दाराशी येऊन अदबीने उभं राहत होतं. जन्मात एवढा मान कुणाला मिळाला नव्हता. ठराव बारगळला.

खांद्यामुळे हात वर जाईना, असं मी आंटींना सांगितलं.

"उजवा धरलाय ना?" त्या म्हणाल्या. "मग डाव्याला काय झालं होतं?"

तुम्ही कशाला हसताय? जरा स्वतःचा खण उघडून बघा, कुणाचा अर्ज पडलाय.