साठ पानांचा साखरपुडा

लेकीच्या साखरपुड्याचा सगळा कारभार बापानं लोडाला टेकून, एकही फोन न लावता पार पाडला, असं आमच्या नाचणगावात आजवर घडलेलं नाही. मी घडवणार होतो!

अट व्याह्यांची होती. हिंगणघाटचे हेमराजजी, मुलाचे वडील, रोखठोक बोलले होते, "साठ माणसं. गर्दी दिसली का मी गाडी फिरवीन." तेव्हापासून सुरभी नखं खात होती. मी म्हटलं, "बेटा, आकडा बापाच्या मुठीत आहे!"

मी महिनाभर जावास्क्रिप्ट शिकत होतो. त्यात एक चिमुकली लायब्ररी सापडली. लायब्ररी म्हणजे कुणीतरी आयता लिहून ठेवलेला कोड. एका डब्यात आकडा ठेवायचा. डब्यावर ज्याची नजर असेल त्याला आकडा हलल्याबरोबर कळतं, आणि तो आपलं ठरलेलं काम उरकतो. सांगायला जायला नको! अशी सोय आजवर फक्त शेजारच्या कौशल्याबाईंकडे होती.

आचारी बंडूजींना विचारलं, "माणसांचा आकडा बदलला की तुम्ही काय करता?"

"दहा पानं जास्तच धरतो जी! पंगतीत पान कमी पडलं तर नाक माझं जाते."

लिहिलं. जितकी माणसं, त्याहून पानं दहा जास्त.

बायको, रीता, मागून वाकून बघत होती. "अन् ते दहा पानं उरतीन त्याचं काय? मी अन्न वाया जाऊ देत नाई. पानं जास्त दिसली का दहा जणांले बोलावून घ्यायचं!"

तेही लिहिलं. माझ्या फोनमधली नावांची यादी जोडून दिली. पानं उरली की यादीतली पुढची दहा नावं घ्यायची, निमंत्रण धाडायचं, माणसांत मिळवायची. आचाऱ्याचाही मान राहिला, बायकोचाही. असा कोड मोठमोठ्यांना जमत नाही!

शुक्रवारी सकाळी मेहुणीचा, माधवीचा, निरोप आला : येतेय. मी साठाचे एकसष्ट केले आणि आंघोळीला गेलो.

माणसं एकसष्ट, म्हणून पानं एकाहत्तर. पानं दहा जास्त, म्हणून निमंत्रणं दहा. मग माणसं एकाहत्तर. म्हणून पानं एक्याऐंशी. म्हणून...

डोक्याला साबण लावतो तोच दारावर थापा. "अहो! हे चारशे एकाहत्तर माणसं कोन होत?"

टॉवेलवरच धावलो. दिसेल ते बटण दाबलं. आकडा गप उभा होता. "थांबवलं!" मी छाती फुगवून म्हणालो.

पण निमंत्रणं गेली होती. पंक्चरवाल्याला. गॅसवाल्याला. सावंगीच्या दवाखान्यात शेजारच्या खाटेवर भेटलेल्या गृहस्थांना. आणि गेल्या साली सुरभीला नापसंत करून गेलेल्या कुटुंबालाही!

"बाबा, ते खरंच गाडी फिरवतीन," सुरभी रडवेली झाली.

दोन दिवस मी फोनला चिकटलो. आता तोंडावर 'येऊ नका' कसं म्हणणार? "जागा लहान आहे," मी म्हणे, "उगाच त्रास घेऊ नका."

"त्रास काहाचा जी!" पंक्चरवाला गहिवरला. "मेसेजवर आम्ही कुठी जात नाई. पण तुम्ही सोता फोन केला. आता तं येनंच आलं!"

रविवारी सगळे आले. बंडूजींनी माझ्या स्क्रीनवर आकडा बघून शांतपणे चारशे एक्याऐंशी पानं लावली. हेमराजजी गाडीतून उतरले, मांडव बघितला आणि परत गाडीचं दार धरलं. मी हात जोडून डबा, पानं, रीता, सगळं कबूल केलं.

"म्हणजे फोनमधल्या साऱ्यांले निमंत्रण गेलं?"

"साऱ्यांना जी."

"पंक्चरवाल्यालेही?"

"हो जी."

"मंग मले काऊन नाई आलं?"

सुरभीनं डोळे मिटले. बोलणी सगळी रीताच्या फोनवरून झाली होती! मी तिथंच त्यांचा नंबर सेव्ह केला. लगेच त्यांच्या खिशात टिंग झालं. हेमराजजींनी चष्मा लावला, मोठ्यानं वाचलं, "आपणास आग्रहाचं निमंत्रण." चेहरा उजळला. गाडीचं दार लावून ते मांडवात शिरले, आणि साखरपुडा झाला.

मी मात्र गाडीजवळच उभा होतो. ते निमंत्रण मी पाठवलं नव्हतं. म्हणजे परवा मी काहीच थांबवलं नव्हतं. फोनमधली नावं संपली होती, एवढंच!